आधी तार बघ, मग बाजार बघ

पोरा, गाडी घेतलीस, पेढे पोचले, गोड लागले. आठवड्याच्या आत तुझा निरोप आला, "मामा, मोबाइलवरची गाणी गाडीत भंगार वाजतात, नवे स्पीकर टाकू का?" टाक की, पैसे तुझेच आहेत. पण त्याआधी मामाचं जरा ऐकून घे. धारूर, केज, अंबाजोगाई अशी काळी-पिवळी चालवता चालवता कॅसेटपासून ब्लूटूथपर्यंत सगळं वाजवून झालंय आपलं. मागच्या बाकावरची म्हातारी "बारीक कर की रे ते" म्हणायची आणि पुढे गिअरला गुडघा लावून बसलेलं पोरगं "अजून वाढवा" म्हणायचं. दोघांनाही खूश ठेवायचं तर गाणं मोठं वाजून भागत नाही, साफ वाजावं लागतं.

गाडीतला आवाज म्हणजे पाटाचं पाणी. शेवटचा वाफा कोरडा दिसला की आपण वाफ्याला शिव्या देतो, आणि पाट फुटलेला असतो वर विहिरीपाशी. फोन, पिन, वायर, डेक आणि मग स्पीकर, असा क्रम आहे. खोट बहुतेक वेळा पहिल्या तीनांत असते आणि दुकानदार सुरुवात करतो शेवटच्यापासून. त्याचं पोट त्याच्यावर आहे, त्याच्यावर रागवू नकोस. तू मात्र वरून खाली ये.

आधी नुसतं ऐक

१. गाडी धारूरच्या किल्ल्याच्या बाजूला सावलीत उभी कर, काचा वर घे, इंजिन बंद ठेव आणि मग गाणं लाव – रस्त्यावर चाकं, वारा आणि गाणं एकमेकांत मिसळतात, बेसूर कोण ते कळत नाही.

२. तपासायला एकच गाणं धर, तुला तोंडपाठ असलेलं – दर वेळी नवं गाणं लावलंस तर गाडी तपासतोयस की गाणं, हेच उमजणार नाही.

३. तेच गाणं आधी इअरफोनवर ऐक – तिथेही चिरकत असेल तर गाडी निर्दोष आहे, तिला सोडून दे.

४. मग गाडीचा रेडिओ लाव, बीड आकाशवाणी १०२.९ वर – रेडिओ स्वच्छ वाजला तर डेक आणि स्पीकर दोन्ही धडधाकट आहेत, बिघाड फोनपासून डेकपर्यंतच्या वाटेवर आहे. या एका तपासणीने निम्मा खर्च वाचतो.

५. एका वेळी एकच गोष्ट बदल – वायर, चार्जर आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलून आवाज सुधारला तर आनंद होतो, अक्कल येत नाही.

पिन आणि वायर

हे सगळं दुखणं मुळात का आहे ते सांगतो. सोनीने १९७९ मध्ये वॉकमन काढला, २००१ मध्ये आयपॉड आला, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या सगळ्यांचं इअरफोनचं भोक बनवलंय ते कानातल्या चिमुकल्या स्पीकरसाठी. आपण त्याला गाडीचा डेक जोडतो. जमतं, पण दोघांची ओळख नीट करून द्यावी लागते.

६. ऑक्सची, म्हणजे फोन डेकला जोडणाऱ्या वायरची, पिन 'टक' लागेपर्यंत आत जाते का बघ, आणि फोनचं कव्हर काढून एकदा लावून बघ – जाड कव्हरामुळे पिन केसभर बाहेर राहते आणि एकाच बाजूचा स्पीकर वाजतो.

७. फोनच्या भोकात खिशातला कापूस-धूळ ठासून बसलेली असते. फोन बंद कर आणि लाकडी काडीने हलक्या हाताने उकर – सुई घातलीस तर आतली पट्टी वाकेल, मग दुरुस्तीला फोनच द्यावा लागेल.

८. गाणारा गायब आणि ढोलकी, पेटी, कोरस तेवढा विहिरीतून घुमतोय, असं झालं तर स्पीकरला हात लावू नकोस, वायर बदल.

यावर जरा थांबतो, कारण ह्या एका दुखण्यापायी लोकांनी अख्खे डेक बदललेले आहेत. पिनेवर काळ्या कड्या असतात ना, त्यांनी पिनेचे भाग पडतात: एक डाव्या आवाजाचा, एक उजव्या आवाजाचा आणि बुडाशी दोघांचा सामाईक अर्थिंगचा. हा बुडाचा भाग नीट टेकला नाही की डाव्या-उजव्याला परतीची वाट राहत नाही. मग स्पीकरपर्यंत पोचतो तो दोघांमधला नुसता फरक. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरलेला असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. बाजूला भरलेली वाद्यं तेवढी उरतात. जुनं मोनो ध्वनिमुद्रण असेल तर दोन्ही बाजू एकसारख्याच, म्हणजे जवळजवळ अख्खं गाणंच बुडतं. प्रल्हाद शिंद्यांची जुनी भक्तिगीतं लावलीस आणि काहीच ऐकू येईना, पण नवं डीजेचं गाणं अर्धंमुर्धं वाजतंय, असं झालं की ओळख, वायरच आहे.

९. अशा वेळी पिन केसभर बाहेर ओढून बघ – गायक परत आला तर पिनेला तीन काळ्या कड्या असतील. तशी पिन माइकवाल्या इअरफोनची असते, गाडीला दोन कड्यांची सरळ स्टीरिओ पिन आण.

१०. वायर बोटाला घट्ट गुंडाळून ठेवू नकोस, सैल वेटोळं कर – वायर तुटते ती पिनेच्या मानेशी, वरून रबर धड दिसतं आणि आतली तार तुटलेली असते.

११. तीन मीटरची वायर घेऊन ती सीटखाली कोंबू नकोस, हाताला पुरेल एवढीच घे – लांब वायर पायात येते, सीटच्या रुळात चिमटते, आणि जास्तीची खरखर गोळा करते ते निराळंच.

१२. ज्या फोनला गोल भोकच नाही त्याला चार्जिंगच्या भोकातून ऑक्सचा जोड लागतो. घेताना दुकानातच तुझ्या फोनला लावून वाजवून बघ – काही जोडांत आवाज घडवणारी चिप असते, काहींत नुसती तार. नुसत्या तारेवर तुझा फोन मुका राहू शकतो.

मामाची म्हण लिहून घे: जोड सैल, तिथे सूर फितूर.

आवाजाचे दोन कान

फोनवर एक आवाज, डेकवर एक आवाज. कोणाचा कान किती पिळायचा हे ठरलं की निम्मी घरघर जाते.

१३. ऑक्स लावलीस तर फोनचा आवाज पाऊण ते ऐंशी टक्क्यांवर ठेव आणि बाकीचं डेकवर कमी-जास्त कर – फोन बारीक ठेवून डेक पिळलास तर गाण्याबरोबर डेकची सूंऽऽ पण मोठी होते. फोन पार शेवटाला नेलास तर काही फोन स्वतःच फाटायला लागतात.

१४. ब्लूटूथ असेल तर उलटं, फोन पूर्ण वर – तिथे आवाज आकड्यांच्या रूपात जातो, फोनवर कमी केलास तर डेकच्या हातात कमीच येणार.

१५. इक्वलायझर एकाच ठिकाणी चालू ठेव, फोनवर तरी नाहीतर डेकवर तरी. दुसरीकडे सपाट – फोनवर बास वाढवला, डेकवर बास वाढवला, वर लाउडनेसचं बटण दाबलं, मग स्पीकर भकभकला तर त्याचा काय गुन्हा?

१६. कीर्तन, प्रवचन, बातम्या लावल्या की बास उतरव – माणसाचं बोलणं मधल्या पट्टीत असतं, बासखाली ते दबतं आणि मग तुझी आई म्हणते, "महाराजांचा आवाज बसलाय का रे?"

१७. आवाज फाटतोय असं वाटलं तर आधी बास कमी कर, मग आवाज, त्यानंतर खिशाकडे हात ने – छोट्या स्पीकरला सगळ्यात जास्त दमवतो तो बासच.

इंजिन चालू केलं की येणारी शीटी

गाडी बंद असताना गाणं स्वच्छ, स्टार्टर मारला की बारीक कुंईऽऽ, आणि रेस दिली की ती कुंई वर वर चढते. ही अल्टरनेटरची करणी. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सूर चढतो, यावरून ओळखायचं.

१८. पहिलं काम, फोनचा चार्जर काढ आणि ऐक – शीटी गेली तर चोर सापडला. फोन चार्जरवाटे एका ठिकाणी गाडीच्या अर्थिंगला जोडलेला, डेक दुसऱ्या ठिकाणी, आणि त्या दोघांमधला फुटकळ प्रवाह ऑक्सच्या तारेतून फिरतो, तोच ऐकू येतो.

१९. ऑक्स लावलेली असताना चार्जिंग पॉवर बँकेवरून कर – तिचा गाडीच्या अर्थिंगशी संबंध नाही, म्हणून शीटीला फिरायला रस्ताच राहत नाही. फुकटातला उपाय हाच.

२०. दोन्ही एकत्र हवंच असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ऑक्सच्या वाटेत बसते – आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण तारेला तार लागत नाही. हलक्या डबीत बास थोडा खातो, तेवढं सोस.

२१. लायटरच्या भोकातला चार्जर बसस्टँडवर हातगाडीवर घेतलेला असेल तर एकदा दुसऱ्याचा चांगला मागून लावून बघ – काही स्वस्त चार्जर स्वतःच भुणभुणतात, आणि गाडी उगाच बदनाम होते.

२२. डेकची अर्थिंगची काळी तार गाडीच्या उघड्या पत्र्याला, रंग खरवडून, नटाखाली घट्ट आवळलेली असावी – रंगावर अर्थिंग बसत नाही, आणि नुसती टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतो.

२३. अॅम्प्लिफायर बसवलास तर बॅटरीची तार गाडीच्या एका कडेने आणि आवाजाची तार दुसऱ्या कडेने ने – शेजारी शेजारी नेल्या की एकीची कुरकुर दुसरीत उतरते. बॅटरीपाशी फ्यूज हवाच, आणि तो उडाला तर त्याच्या जागी तांब्याची तार घालायची नाही. फ्यूज गेला तर पन्नास रुपये, तार घातली तर गाडी.

बिनतारी कटकटी

२४. तुझ्या डेकला ऑक्सही नाही, ब्लूटूथही नाही, तर लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर चालतो. तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधल्या कुठल्याही रिकाम्या जागेवर लावता येतो. रिकामी म्हणजे जिथे नुसती खरखर आहे अशी – १०२.९ च्या आसपास लावलास तर बीड आकाशवाणी तुझ्या गाण्यावर येऊन बसेल, आणि ती तुझ्या डबीपेक्षा फार जोरकस आहे.

२५. लांबच्या प्रवासाला दोन-तीन रिकाम्या जागा आधीच हेरून ठेव – इथली रिकामी जागा पुढच्या जिल्ह्यात दुसऱ्या केंद्राची असते.

२६. गाडीची एरियल ओढून मिटणारी असेल तर ट्रान्समीटर वापरताना ती मिटव – बाहेरची केंद्रं क्षीण होतात, डबी मात्र आतच आहे. आणि डबीचा स्वतःचा आवाज मध्यावर ठेव, जास्त झाला की 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात.

२७. एफएमवरून ऑक्सइतकं स्वच्छ मागू नकोस – एफएमच्या वाटेने १५ किलोहर्ट्झच्या वरचं जातच नाही, झांजेची झिळमिळ थोडी बोथट येणारच.

२८. ब्लूटूथवर सगळी गाणी फोनवर बोलल्यासारखी सपाट येत असतील तर फोनच्या सेटिंगमध्ये 'मीडिया ऑडिओ' चालू आहे का बघ – बंद असेल तर गाणं कॉलच्या अरुंद वाटेने जात असू शकतं.

२९. ब्लूटूथ अडखळत असेल तर जुनी जोडणी दोन्हीकडून पुसून नव्याने जोड, आणि बॅटरी सेव्हर बंद कर – डेकला घरातले पाच फोन जोडलेले असतात, मागे बसलेल्या ताईचा फोनही हळूच हात घालतो. गाणं तिचं लागलं की भांडण तुमचं.

पेनड्राइव्ह आणि गाण्याची प्रत

३०. गाणं किती मिनिटांचं आणि किती एमबीचं ते बघायची सवय लाव – एमपीथ्री १२८ किलोबिटचं असेल तर मिनिटाला साधारण एक एमबी, ३२० चं असेल तर जवळजवळ अडीच. पाच मिनिटांचं गाणं दोन एमबीत बसवलंय म्हणजे कोणीतरी त्याचा रस आधीच काढून घेतलाय.

३१. दुबळं गाणं सॉफ्टवेअरमधून ३२० चं करून घेऊ नकोस – आकडा फुगतो, गेलेला आवाज परत येत नाही. चिपाडातून दुसरा रस नाही, हे ऊसवाल्यांच्या पोराला काय सांगायचं!

३२. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला ठेव – जुन्या डेकला दुसरं वाचता येत नाही, आणि मग "पेनड्राइव्ह खराब दिला" म्हणून दुकानदाराशी वाद होतो.

३३. जुन्या डेकसाठी फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि पुढे आकडे घालून दे – देवनागरीच्या जागी ते नुसते चौकोन दाखवतात, आणि हवं ते गाणं शोधता शोधता तेलगाव येतं.

कोणाकडे अजून कॅसेटचा डेक असेलच. त्यात वायरवाली नकली कॅसेट घालून मोबाइल वाजतो, आणि बरा वाजतो. आवाज घोगरा आला तर डेकचं हेड मळलेलं असतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुस, वाळू दे, मग लाव.

शेवटी, स्पीकर

आता आलो तुझ्या लाडक्या विषयावर. वरचं सगळं करूनही वैताग गेला नाही तरच इकडे ये.

३४. बॅलन्स पूर्ण डावीकडे ने, मग उजवीकडे, मग मधोमध – एकेका बाजूला बास भरलेला आणि मधोमध आणला की पळालेला, म्हणजे एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्यात. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं एकमेकांची हवा खातात.

३५. खात्री करायची तर स्पीकरच्या तारा डेकपासून सोडव आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकव – धनला धन लागलं तर पडदा बाहेर उचलतो. क्षणभरच, धरून ठेवू नकोस.

३६. दारातून खडखड येत असेल तर गाणं चालू ठेवून दाराचा पत्रा तळहाताने दाब – दाबल्यावर खडखड थांबली तर स्क्रू आवळ, मागे फोमची पट्टी लाव. आणि डिकीतलं सीताफळांचं क्रेट काढलंयस ना? दिवाळीच्या सुमारास आपल्या बालाघाटातल्या निम्म्या गाड्यांचा 'खराब स्पीकर' तोच असतो.

३७. सिमेंटच्या रस्त्यावर गाणं पोकळ वाटलं म्हणून बास वाढवलास तर थांबल्यावर लगेच उतरव – चाकांचा घुमारा बासलाच झाकतो, उभ्या गाडीत तोच बास दुसऱ्याच्या घरातली भांडी वाजवतो.

३८. गाडी बंद ठेवून तासन्‌तास गाणी नकोत, वरातीतही नकोत – भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, बारापर्यंत उतरली की स्टार्टर कण्हतो. मग नवरदेवाचे मित्र गाडी ढकलतात.

३९. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर ऋण टोक आधी सोडव, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धू, पुसून व्हॅसलिन लाव – खराब टोकामुळे प्रवाह अडखळतो, आणि तो आधी गाण्यात ऐकू येतो, नंतर थंडीतल्या पहाटे.

४०. मे महिन्यात मोबाइल डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नकोस – बॅटरी फुगते, आणि तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो. गाणं अडखळलं की तू पुन्हा ब्लूटूथला बोल लावणार.

४१. घाट लागण्याआधीच गाण्यांची यादी लावून मोकळा हो, आणि आवाज निम्मा कर – आपल्या घाटाची वळणं अरुंद. कारखाना सुरू झाला की समोरून ऊस भरलेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो, त्याच्या बॉक्सवर गाणं तुझ्यापेक्षा मोठं असतं. त्याला तुझा हॉर्न ऐकू येणार नाही हे धर. निदान तुला तरी तुझ्या ब्रेकची किरकिर ऐकू येऊ दे.

४२. सकाळी चावी फिरवल्यावर कालचाच आवाज दचकवून गेला तर समज, रात्री कान थकले होते – थकलेला कान जास्त मागतो. वळण घेण्याआधी आरसा बघतोस ना, तसा गाडी बंद करण्याआधी आवाज खाली आणत जा.

४३. मिस्त्रीकडे गेलास तर "स्पीकर बदला" म्हणू नकोस. कधी होतं ते सांग: चार्जर लावल्यावर, रेस दिल्यावर, खड्ड्यात, की एकाच बाजूला – लक्षण सांगितलं तर तो बिघाड शोधतो, वस्तू सांगितली तर तो वस्तू विकतो.

४४. काढलेला जुना माल परत माग आणि घरी आण – जुना स्पीकर पुष्कळदा ठणठणीत निघतो. माझ्या ओसरीवर असा एक जोड रोज सकाळी बातम्या देतो. तुझे काढलेस तर ते इकडे धाड, गोठ्यात लावायचे आहेत.

दाराच्या कप्प्यात एक जादा ऑक्स वायर ठेव, आणि ये एकदा गाडी घेऊन. पेन्सिल सेल माझ्याकडे आहे, स्क्रू ड्रायव्हर तेवढा तुझा आण.